फुकट आणलेल्या लायब्ऱ्यांचा हिशेब

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी चौदा जणांच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आमचं एकच प्रॉडक्ट आहे, बिलिंगचं. बहुतेक ग्राहक ते आमच्या सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये वापरतात, तिघा-चौघांना त्यांच्याच सर्व्हरवर बसवून दिलंय. गेल्या महिन्यात एका मोठ्या ग्राहकानं करारावर सही करण्याआधी प्रश्नावली पाठवली: प्रॉडक्टमध्ये कोणते ओपन सोर्स (ज्यांचा कोड, म्हणजे सोर्स, सगळ्यांना उघडा असतो असे) घटक आहेत, त्यांची लायसन्स कोणती, त्यांत माहीत असलेल्या सुरक्षात्रुटी किती, आणि या घटकांची जबाबदारी कोणाकडे आहे? मला वाटलं, चाळीसेक घटक असतील, दुपारभरात लिहून होईल. घटक आणि त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवला तर १,२१२ निघाले. ९३ त्रुटींवर लाल शिक्का. वर पीडीएफ तयार करणारी एक लायब्ररी एजीपीएल या कडक अटींच्या लायसन्सची निघाली. ती तीन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यानं आणली, तिच्यात स्वतः थोडे बदलही केले, आणि तो आता दुसऱ्या कंपनीत आहे.

साहेबांनी अहवाल पाहिला आणि त्याच संध्याकाळी मेल आली: यापुढे माझ्या लेखी परवानगीशिवाय एकही ओपन सोर्स घटक वापरायचा नाही. टीम चिडलीय. एक जण म्हणाला, "मग मी पॅकेज न घेता हवा तेवढा कोडच उचलून आपल्या फाइलीत टाकतो, कोणाला कळतंय?" मी दोन्हीकडून बोलणी खातोय. प्रश्नावलीला तीन आठवडे उरलेत. सुरुवात कुठून करू? आणि त्या गेलेल्या सहकाऱ्याला फोन करावा का? साहेबांना ते आवडणार नाही.

— मधल्यामध्ये अडकलेला

उत्तर

नमस्कार,

१,२१२ हा आकडा पाहून दचकू नका. तुमचा चाळीसचा अंदाज चुकला नव्हता. तुम्ही बोलावलेले पाहुणे मोजलेत, त्यांच्यासोबत आलेलं लटांबर मोजायचं राहिलं. तुमच्या टीमनं चाळीस लायब्ऱ्या मागवल्या, त्या चाळिसांनी आपापल्या गरजेच्या मागवल्या, त्यांनी आणखी त्यांच्या. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं एक पॅकेज त्याच्या लेखकानं नावावरून झालेल्या एका वादात रागानं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारावरून काढून टाकलं. त्याचं काम एवढंच: मजकुराच्या डावीकडे हव्या तेवढ्या रिकाम्या जागा भरायच्या. कोड ११ ओळींचा. पण बेबेलसारखी साधनं त्याच्यावर उभी होती, त्यामुळे जगभरचे बिल्ड (कोडमधून चालता प्रोग्रॅम बनवण्याची प्रक्रिया) धडाधड पडायला लागले आणि एनपीएमला ते पॅकेज काही तासांत परत जागेवर ठेवावं लागलं. ज्यांचे बिल्ड पडले त्यांतल्या कित्येकांनी तोवर लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं. तुमच्या यादीतल्या उरलेल्या अकराशे-बाराशे नावांशी तुमची ओळख तितपतच आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी या आकड्याचे दोन ढीग करा: जे घटक ग्राहकापर्यंत जातात ते एकीकडे, आणि जे फक्त टेस्ट आणि बिल्डसाठी लागतात ते दुसरीकडे. दुसरा ढीग बहुधा मोठा निघेल. त्याच्याकडे कायमचा काणाडोळा करायचा नाहीये (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर पासवर्ड आणि किल्ल्या पडलेल्या असतात, आणि चोरांना ते चांगलं ठाऊक आहे), पण या तीन आठवड्यांतलं काम पहिल्या ढिगात आहे.

आता साहेबांची मेल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते "कोणाला कळतंय?" ९३ त्रुटी निस्तरता येतील, एजीपीएलवरही मार्ग आहे. हे वाक्य मात्र एकदा टीमच्या अंगवळणी पडलं की पुढची प्रत्येक यादी खोटी निघणार.

तो मुलगा बिघडलेला आहे असं मुळीच समजू नका. त्याला आज काम संपवायचंय, आणि सही चार दिवसांनी मिळणार हे त्यानं ताडलंय. पण तो म्हणतो तसं झालं तर आजची स्थिती बरी म्हणायची वेळ येईल. पॅकेज म्हणून आलेल्या लायब्ररीला नाव असतं, व्हर्जन असतं, लायसन्स असतं. तिच्यात खोट सापडली तर स्कॅनर ओरडतो. तिच्यातल्याच दोनशे ओळी उचलून तुमच्या युटिल्सच्या फोल्डरात चिकटवल्या की त्या बेवारस झाल्या. खोट सोबत आली, नाव मागे राहिलं. लायसन्सही सुटत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या उत्तरांतला कोडसुद्धा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए लायसन्सखाली असतो, म्हणजे श्रेय द्यायचं आणि त्यावर बेतलेलं काम वाटायचं झालं तर त्याच अटींवर वाटायचं. आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर ज्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) लायसन्सची फाइलच नाही, तिथला कोड उघड्यावर आहे म्हणून घेण्याजोगा होत नाही. लेखकानं काही दिलेलं नाही, तोवर सगळे हक्क त्याच्याकडेच.

मी पूर्वी एका ठिकाणी होतो, तिथे साहेबांच्या मेलसारखाच एक फॉर्म होता, अकरा रकान्यांचा. वर्षभरात सात अर्ज आले. व्यवस्थापनानं त्यावरून ठरवलं की आमची मंडळी ओपन सोर्स फार जपून वापरतात. लॉक फाइलीत, म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या घटकांची आणि व्हर्जनांची नोंद असते त्या फाइलीत, त्याच वर्षी साडेतीनशे नवी नावं शिरली होती.

पण "तुम्ही चुकलात" म्हणत साहेबांच्या केबिनमध्ये शिरू नका. ते घाबरलेत, आणि घाबरण्याजोगं घडलंही आहे. त्यांना हवंय ते इतकंच, की आपल्या नकळत काही आत येऊ नये. ते त्यांना द्या, मात्र वेगळ्या वाटेनं. परवानगी घटकागणिक न मागता लायसन्सगणिक मागा, एकदाच. एमआयटी, बीएसडी, आयएससी, अपाची २.० असं सैल अटींचं लायसन्स असेल तर कोणाला न विचारता वापरायचं. एलजीपीएल किंवा एमपीएल असं मधल्या अटींचं असेल तर आधी तुमच्याशी बोलायचं, कारण लायब्ररी कशी जोडली आहे आणि तिच्या फाइली बदलल्या आहेत का, यावर पुढचं ठरतं. जीपीएल, एजीपीएल आणि ज्यांचा सोर्स दिसतो पण अटी भलत्याच आहेत अशी लायसन्स साहेबांच्या सहीशिवाय नाहीत. हे एका पानावर मावतं. त्यावर साहेबांची सही घ्या आणि तीच यादी सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत, बसवा; यादीबाहेरचं लायसन्स आलं की पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) अडकेल. सही साहेबांचीच राहिली आणि मुलांची वाटही मोकळी झाली. (विचित्र लायसन्सही भेटतील. जेसॉन या स्वरूपातला डेटा वाचणाऱ्या एका जुन्या, लोकप्रिय लायब्ररीच्या लायसन्समध्ये अट होती की हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठीच वापरावं, वाईटासाठी नव्हे. वाचायला गोड, पण वाईट कशाला म्हणायचं ते कोण ठरवणार? अपाची फाउंडेशननं २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना ते लायसन्स बंद करून टाकलं.)

सीआयमधल्या या तपासणीचा दुसराही उपयोग आहे. लायसन्स घेतलं त्या दिवशी जे होतं तेच पुढच्या व्हर्जनला राहील असं नाही. सर्व्हर उभारणाऱ्या टेराफॉर्मनं ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं, रेडिस या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये. दोन्हींचे फोर्क (जुन्या कोडवरून निघालेले स्वतंत्र प्रकल्प) निघाले, ओपनटोफू आणि व्हॅल्की. आधीची व्हर्जन जुन्याच लायसन्सवर राहतात, पण तुमचं अपडेट आपोआप होत असेल तर नव्या अटी कोणी न वाचता घरात येतात.

एवढ्यावर एकच गोष्ट वाढवा. नवी थेट डिपेंडन्सी (आपण स्वतः मागवलेला घटक) जोडणाऱ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये चार ओळी लिहायच्या: ही कशाला हवी, तिकडे तिची देखभाल कोण करतंय आणि शेवटचं रिलीज कधी आलं, ती सोबत किती जणांना घेऊन येते, आणि आपल्यात तिच्याकडे लक्ष कोण ठेवणार. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिताना माणूस कसा थबकतो ते बघाच. आमच्याकडे बरेचसे प्रस्ताव तिथेच गळायचे, "अरे, हे तर मी वीस ओळींत लिहीन" म्हणत. तारखांची आकडेमोड आणि एन्क्रिप्शन या दोन बाबतींत मात्र हा उत्साह आवरायला लावा.

यादीकडे येतो. ती एक्सेलमध्ये करायचा मोह होईल. मलाही झाला होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये, ९-१० तारखेच्या सुमारास, लॉगफोरजे या, प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या जावाच्या लायब्ररीतली त्रुटी जगजाहीर झाली. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात एका विशिष्ट धाटणीची ओळ घुसवली की ती लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊन तिथला कोड आणून चालवायची. लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी ती ओळ टाइप केली आणि ते नाव लॉगमध्ये गेलं तरी पुरे. गांभीर्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा. माझ्याकडे तेव्हा सुरेख एक्सेल होतं, रंगीबेरंगी. त्यात लॉगफोरजे दोनदा होतं. प्रत्यक्षात नऊ ठिकाणी निघालं; त्यांतली तीन विकत घेतलेल्या प्रॉडक्टांत, जार फाइलीच्या (जावाच्या गठ्ठा फाइलीच्या) आतल्या जार फाइलीत. दुरुस्तीला एक दुपार लागली, शोधायला तीन रात्री. २.१५ लावून हुश्श केलं तोच २.१६ आलं, मग २.१७, मग २.१७.१. ज्यांच्याकडे खरी यादी होती त्यांनी चारदा बटण दाबलं. आम्ही चारदा शोधमोहीम काढली.

तेव्हा यादी बिल्डमधूनच निघायला हवी, प्रत्येक रिलीजला, माणसाचा हात न लागता. तिला एसबॉम म्हणतात, सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स. तिची दोन रूपं चालतात: एसपीडीएक्स, जे २०२१ पासून आयएसओचं मानक आहे, आणि ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेकडून आलेलं सायक्लोनडीएक्स. ग्राहकाला कोणतं हवं ते विचारून टाका. सिफ्ट, ट्रिव्ही अशी मोफत साधनं दोन्ही काढून देतात. ती बसवायला तुमच्यातल्या एकाला एक दिवस पुरेल, त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

लिहायचंय ते यादी जपण्याबद्दल. तुमचे तीन-चार ग्राहक प्रॉडक्ट स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. त्यांतल्या एखाद्याकडे दीड वर्षापूर्वीचं व्हर्जन असेल. उद्या नवी त्रुटी जाहीर झाली की तुम्ही आजच्या रिपॉझिटरीवर स्कॅनर चालवाल, तो हिरवा दिवा दाखवेल, आणि त्या ग्राहकाच्या सर्व्हरवर मात्र तीच त्रुटी नांदत असेल. त्यासाठी प्रत्येक रिलीजची यादी त्या रिलीजसोबत साठवा. ओवॅस्पचं डिपेंडन्सी-ट्रॅक नेमकं हेच करतं: साठवलेल्या जुन्या याद्या रोज नव्यानं जाहीर होणाऱ्या त्रुटींशी ताडून पाहतं.

स्कॅनरला जे दिसत नाही ते हातानं शोधावं लागेल. कोणीतरी कधीतरी डाउनलोड करून स्टॅटिक फोल्डरात टाकलेल्या जावास्क्रिप्ट फाइली, फॉन्ट (त्यांनाही लायसन्स असतं, आणि ते कोणी वाचत नाही), आणि सी-मध्ये लिहिलेली, सोर्ससकट तुमच्या झाडात आणून लावलेली एखादी लायब्ररी. कंटेनर (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट बांधलेलं पुडकं) वापरत असाल तर त्याच्या बेस इमेजमधली, म्हणजे पायाभूत गठ्ठ्यातली, ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजंही तुमच्याच यादीत येतात, कारण ग्राहकाला इमेज तुम्ही देता.

साहेब म्हणतील, हे त्या एका ग्राहकाचं खूळ आहे. नाही. अमेरिकेत मे २०२१ च्या १४०२८ क्रमांकाच्या आदेशापासून सरकारी खरेदीत एसबॉमची भाषा आली, आणि युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलाय. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. पुढचा ग्राहकही हेच विचारणार आहे.

आता ९३. इथे बहुतेक टीमा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करतात. ज्या त्रुटी एका कमांडनं मिटतात त्या आधी मिटवतात, आकडा ९३ वरून ४० वर येतो, सगळे खूश. खरं जळतंय ते उरलेल्या चाळिसांत. स्कॅनरचा लाल रंग ती त्रुटी किती वाईट ठरू शकते ते सांगतो. ती तुमच्या घरापर्यंत पोहोचते का, हे त्याला ठाऊक नसतं. टेस्ट चालवणाऱ्या एका साधनात विचित्र मजकूर दिला तर प्रोग्रॅम अडकतो, हे लाल. बाहेरच्या माणसानं अपलोड केलेली फाइल वाचणाऱ्या लायब्ररीतली खोट, हे पिवळं. तुम्ही आधी कुठे धावाल?

म्हणून प्रत्येकीला क्रमानं विचारा. हा घटक ग्राहकापर्यंत जातो का? त्यातलं जे फंक्शन सदोष आहे ते आपण वापरतो का? बाहेरून येणारा मजकूर तिथवर पोहोचतो का? आणि ही त्रुटी चोर खरोखर वापरताहेत का? या शेवटच्या प्रश्नाला अमेरिकेची सीसा ही सरकारी संस्था उत्तर देते. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची सूची ती नोव्हेंबर २०२१ पासून प्रसिद्ध करतेय, फुकट. त्या सूचीतलं एकही नाव तुमच्या ९३ मध्ये असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा.

उरलेल्यांतल्या बऱ्याचशा "आम्हाला लागू नाही" या रकान्यात जातील. जाऊ द्यात, पण का लागू नाही ते एका ओळीत लिहा, तारीख आणि नाव घालून. ग्राहकाकडे तशी नोंद देण्याचीही रीत आहे, तिला वेक्स म्हणतात. आणि त्या ओळी ज्यानं कोड पाहिलाय त्यानंच लिहाव्यात. मी "लागू नाही" चा रकाना एकाच दुपारी, एकाच माणसानं, एकाच वाक्यानं भरलेला पाहिलाय.

नाव घालायला का सांगतोय? २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या वेबसाइटी बनवण्याच्या साधनातल्या एका त्रुटीची दुरुस्ती ७ मार्चला आली होती. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत ती लावण्याची सूचना लगोलग फिरली, चारशेहून अधिक जणांना मेल गेली. मेच्या मध्यात चोर त्याच दारानं आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. चारशे जणांना मेल पाठवून दार लागलं नाही. प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न, जबाबदारी कोणाकडे, इथून आलाय. त्याचं उत्तर "डेव्हलपमेंट टीम" असं लिहू नका. तुमच्या चाळीस थेट डिपेंडन्सींपुढे चाळीस नावं लिहा. चौदा जणांत, साहेबांना धरून, प्रत्येकी तिनाच्या आसपास येतील. त्या माणसानं करायचं काम फार नाही: त्या प्रकल्पाच्या रिलीजच्या सूचना आपल्याकडे येतील असं बघायचं, आणि तिकडे काही बिनसलं तर टीमला सांगायचं. बाकीच्या लटांबराचा वाली तोच, ज्याच्या लायब्ररीसोबत ते आलं.

तुमच्यातला उत्साही कोणीतरी आता म्हणेल, मग रोज सगळं लेटेस्ट करून टाकू. तेही नको. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजच्या लेखकानं कंटाळून त्याची सूत्रं मदत करायला आलेल्या एका अनोळखी माणसाला दिली. त्यानं त्यात बिटकॉइनची पाकिटं चोरणारा कोड सोबत जोडला. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण तर त्याहून सावकाश शिजलं. एक 'सहृदय' स्वयंसेवक २०२१ पासून तिथे काम करत होता, थकलेल्या मूळ देखभालकर्त्यावर वेगवेगळ्या नावांनी दबाव येत होता, आणि अखेर २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा आला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याचं) लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंद का झालं, याची खुटखुट लागली. २९ मार्च २०२४ ला त्यानं ते जाहीर केलं. सगळ्यात ताजी पॅकेजं घेणाऱ्या चाचणी आवृत्त्यांत ती व्हर्जन पोहोचली होती, स्थिर लिनक्स वितरणांत नव्हती.

माझी स्वतःची रीत अशी आहे: सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी, बाकीच्या अपडेटला आठ-दहा दिवस मुरू द्यायचं, पण महिन्याच्या वर थांबायचं नाही. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट या आपोआप अपडेट सुचवणाऱ्या साधनांना तसं सांगून ठेवता येतं. लॉक फाइल रिपॉझिटरीत हवीच, आणि बिल्डनं तिच्यातलीच व्हर्जन घ्यावीत. दोन वर्षं काहीच न हलवता एकदम पाच मोठी व्हर्जन ओलांडणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. त्यांना सुरक्षेची दुरुस्ती हवी असते एका ओळीची आणि तिच्यासाठी अर्धा प्रॉडक्ट उसवावा लागतो.

आता तुमची पीडीएफची लायब्ररी. इथे "फुकट ते पौष्टिक" खरोखर अंगाशी आलंय. साध्या जीपीएलच्या अटी सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिलं की लागू होतात. सर्व्हरवर ठेवून नुसतं वापरू दिलं तर ते हाती देणं होत नाही. ही फट एजीपीएलनं बुजवली. तिचं तेरावं कलम सांगतं की तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केले असतील, तर नेटवर्कवरून तो वापरणाऱ्यांनाही बदललेला सोर्स मिळण्याची सोय हवी. तुमच्या सहकाऱ्यानं बदल केलेत, म्हणजे सर्व्हरवरच्या ग्राहकांच्या बाबतीत हे कलम लागू पडतं. आणि ज्यांच्याकडे प्रॉडक्ट बसवून दिलंय त्यांना तर तुम्ही प्रत्यक्ष प्रतच दिलीय. लायब्ररी तुमच्या कोडमध्ये विणलेली असेल तर प्रश्न तुमच्या बिलिंगच्या सोर्सपर्यंत येतो.

"लायसन्सच्या फाइलीवरून कोर्टात कोण जातंय" असं साहेब म्हणाले तर सांगा, गेलेत. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं जीपीएल मोडणाऱ्या एका कंपनीविरुद्धचा मनाईहुकूम उचलून धरला, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात ओपन सोर्स लायसन्सच्या अटी तोडणं कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं असा निर्वाळा दिला.

मार्ग आहेत. आधी त्या प्रकल्पाच्या मालकांकडे बघा. पीडीएफच्या लायब्ऱ्यांत एजीपीएल आणि व्यापारी असं दुहेरी लायसन्स बरेचदा असतं, म्हणजे पैसे मोजले की प्रश्न मिटतो. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत आणि पुढे मोठा करार आहे. अशा वेळी मी आधी तेच विचारेन. नाहीतर लायब्ररी बदला. अहवालापुरत्या पीडीएफसाठी सैल लायसन्सचे पर्याय मिळतात, पण तुमच्या बिलांचे साचे पुन्हा बसवायला वेळ लागेल. "ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवू, म्हणजे आमचा कोड वेगळा" असा तिसरा मार्ग कोणीतरी सुचवेल. तो कधी टिकतो, कधी नाही. वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर करार टांगू नका. वकिलाकडे जायचंच आहे, कारण लायब्ररी आज काढली तरी गेली तीन वर्षं वाटलेल्या प्रतींचं काय, हा प्रश्न उरतो. थोडा दिलासा लायसन्समध्येच आहे. आठव्या कलमाप्रमाणे उल्लंघन थांबवलं आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकांकडून नोटीस आली नाही, तर हक्क कायमचे परत मिळतात. पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत सुधारलं, तरीही मिळतात.

याच गडबडीत एमआयटीवाल्यांना विसरू नका. त्यांची अट किरकोळ आहे, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रतीसोबत द्यायचा. ती सर्रास विसरली जाते. एसबॉममधून असं एक पान आपोआप बनवून प्रॉडक्टच्या "आमच्याविषयी"खाली लावा. अर्ध्या दिवसाचं काम.

प्रश्नावली भरताना सजवू नका. मीही त्या टेबलाच्या पलीकडे बसून अशी उत्तरं वाचलीत. "त्रुटी शून्य" असं लिहिलेला कागद आला की मी त्या कंपनीला आणखी दहा प्रश्न पाठवायचो. याउलट "इतक्या सापडल्या, इतक्या लागू नाहीत आणि का, इतक्या या तारखेपर्यंत दुरुस्त होतील, हा माणूस बघतोय" असं आलं की फाइल पुढे सरकायची. एजीपीएलची गोष्टही लपवू नका. तो ग्राहक स्वतः स्कॅनर चालवील तेव्हा ती त्याला दिसणारच आहे. फक्त ती सांगण्याआधी वकिलाशी बोला आणि सोबत उपाय व तारीख द्या.

राहिला फोन. करा, आजच करा. साहेबांना आधी सांगून करा, म्हणजे मागून कळल्याचा राग नको. वकिलाच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्या सहकाऱ्याकडेच आहेत: त्यानं नेमकं कोणतं व्हर्जन घेतलं, तेव्हा तिचं लायसन्स काय होतं, आणि बदल कुठल्या फाइलींत केले. कदाचित त्यानं एक खोट दुरुस्त केली असेल आणि तीच दुरुस्ती मूळ प्रकल्पानं पुढे स्वतःही केली असेल. तसं निघालं तर तुमचे बदल टाकून मूळ व्हर्जनवर परत जाता येईल आणि निदान तेराव्या कलमाची बाजू हलकी होईल. "का आणलीस?" हे मात्र विचारू नका. तीन वर्षांपूर्वी त्याला अडवणारी यादी तुमच्याकडे नव्हती, आणि त्या पुल रिक्वेस्टवर मंजुरी कोणाची आहे ते फोन लावण्याआधी एकदा बघून घ्या. तुमची स्वतःचीच निघण्याची शक्यता बरीच आहे.